वडिलांची जुनी ओमनी: ठेवायची कशी आणि बदलायची किती

अमळनेर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे: "नाना, घरी १९९८ ची मारुती ओमनी आहे, कारबुरेटरवाली. वडील तिच्यात कापडाचे गठ्ठे टाकून आठवडे बाजार करायचे. आता त्यांच्याने होत नाही. दोन वर्षं गाडी गोठ्याशेजारी उभी आहे, पासिंग २०२८ पर्यंत आहे. घरचे म्हणतात भंगारात घाल. मला ती ठेवायची आहे. आत झोपता येईल अशी करायची, थोडी उचलायची, रुंद टायर टाकायचे आणि काळा मॅट रंग द्यायचा. मित्र हसतात, म्हणतात हौसच असेल तर जीप घे. कुठून सुरुवात करू?"

भाऊ, गाडी ठेव. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

मी धुळ्यात पस्तीस वर्षांपासून गाड्यांचं काम करतो. रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुण्यापासून सुरुवात केली. आज माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, एक मॅटाडोर आणि एक ट्रॅक्स, आणि दोन्हींना बाजारात कोणी विचारत नाही. त्यामुळे तुझे मित्र काय म्हणतात ते मला पाठ आहे. जीपला माणसं मिळतात. फियाटला लग्नाच्या वरातीसाठी का होईना, गिऱ्हाईक मिळतं. बुलेटचं तर विचारूच नको. पण खान्देशाचं खरं काम कोणत्या गाड्यांनी केलं ते बघ. नवरी मॅटाडोरमध्ये बसून गेली, त्याच मॅटाडोरमधून रात्री पेशंट धुळ्याला आले. सातपुड्याच्या पायथ्याची गावं काळी-पिवळी कमांडर आणि ट्रॅक्सने जोडली. शाळेची पोरं, मांडववाल्याची भांडी, फोटोवाल्याच्या छत्र्या, किराणा, कापड, हे सगळं ओमनीने वाहिलं. १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून ती आली, १९८८ ला तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ ला बंद झाली. पस्तीस वर्षं एकच आकार. एवढी गल्लोगल्ली दिसायची की ही जपून ठेवायची वस्तू आहे असं कोणाला वाटलंच नाही.

मॅटाडोरचं तेच झालं. आपल्याकडे कुठल्याही बंद बॉडीच्या गाडीला लोक मॅटाडोर म्हणायचे, इतकं ते नाव घरातलं झालं होतं. ती पुढच्या चाकांवर चालायची, म्हणून मागे शाफ्टचा अडथळा नाही आणि फळी एकदम खाली. स्ट्रेचर सरळ आत जायचं. पुढे तिला मर्सिडीजच्या ओएम ६१६ या २.४ लिटर डिझेल इंजिनाचा परवाना घेऊन बनवलेलं इंजिन आलं, तेच ट्रॅक्सलाही होतं. पुण्याची बजाज टेम्पो कंपनी, जिचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तिने हे बनवलं. माझ्या मॅटाडोरसाठी पुढच्या चाकाचा एक जॉइंट शोधायला मला दीड वर्ष लागलं, कारण ज्या शेकडो गाड्या आपल्या रस्त्यावर होत्या त्या सगळ्या तोडल्या गेल्या. ओमनीची पाळी आता आहे. आज तिचे पार्ट चाळीसगावपासून नंदुरबारपर्यंत कुठेही मिळतात, कारण तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन म्हणजे मारुती ८०० चंच इंजिन. हे असंच कायम राहणार नाही.

आता कामाचं. माझा एकच नियम आहे आणि तो मला महागात पडून कळला: जे नट-बोल्टने बसेल आणि नट-बोल्टनेच निघेल, तेवढंच कर. जिथे कटर लावावं लागेल, तिथे थांब.

पहिली मॅटाडोर घेतली तेव्हा मी तिशीच्या आत होतो. आत हवा खेळावी म्हणून मी तिच्या छताला मधोमध दोन फूट बाय दीड फूट चौकोन कापला आणि त्यावर झाकण बसवलं. दिसायला छान झालं. पहिल्याच पावसाळ्यात झाकणाच्या कडेने पाणी आत उतरलं. छताचा पत्रा एकसंध असतो तेव्हा ताठ राहतो, कापल्यावर तो खड्ड्यात लवलवायला लागला आणि मागच्या दाराची चौकट एका बाजूला दबली. दार वर उचलून लावावं लागायचं. पासिंगला नेली तर साहेबांनी शिडी लावून वर बघितलं आणि परत पाठवली. बरोबरच होतं त्यांचं. चौकोन वेल्डिंग करून बंद केला, पण उष्णतेने पत्रा ओढला जाऊन छताचा तो गोलवा गेला तो गेलाच. ती गाडी मी पुढे मोडून पार्टसाठी वापरली. त्या चौकोनाचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुझ्या यादीतली उंची, रुंद टायर, काळा रंग हे सगळं बाजूला ठेव. आधी गाडी उभी कर.

दोन वर्षं उभ्या गाडीला बॅटरी जोडून सेल्फ मारू नकोस. ही चूक सगळे करतात. पुढचं सीट उचल, इंजिन तिथेच आहे. तीनही प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरव. सहज फिरलं तर देवाची कृपा. अडलं तर जोर करू नकोस, पुन्हा ऑइल सोड आणि वाट बघ. फिरायला लागलं की टायमिंग बेल्ट बदल. चालू करण्याआधी बदल, नंतर नाही. रबर उभ्या जागीही म्हातारं होतं. गोठ्याशेजारी उभी होती म्हणतोस, म्हणजे उंदरांनी वायरिंग बघितलं असणार. हातात टॉर्च घेऊन वायरचा प्रत्येक पट्टा बोटाने चाचपून बघ. कुरतडलेल्या वायरने आग लागलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक. इथे एक नवीन गोष्ट लक्षात घे. वडिलांनी गाडी घेतली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. ते जुन्या रबराला खातं. पेट्रोलचे होज, पंपाचा पडदा, कारबुरेटरची निडल, सगळं फुगतं किंवा चिरतं. तेव्हा टाकीपासून कारबुरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल चालेल अशा दर्जाचा टाक. खर्च फार नाही, पण पेट्रोलची गळती सीटखाली, गरम इंजिनावर होते, हे विसरू नकोस. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. लोखंडी टाकी अर्धी भरून चार महिने उभी ठेवलीस तर आतून गंजणार. गाडी महिन्यातून दोनदा तरी पंधरा-वीस किलोमीटर चालव. आणि या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, त्यामुळे इंजिन गरम चालतं. कारबुरेटर ओव्हरहॉल करताना मिस्तरीला प्लगचा रंग बघून जेट, म्हणजे आतलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ठरवायला सांग. प्लगचं टोक पांढरं पडलं असेल तर मिश्रण पातळ, चहासारखं तपकिरी असेल तर बरोबर.

मग गंज. खिशात एक छोटं चुंबक आणि एक पेचकस ठेव. चुंबक पत्र्यावरून फिरवत जा. जिथे ते पकड सोडतं तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुटीन आहे. ओमनीत मी आधी सरकत्या दाराची खालची पट्टी बघतो. तिथे पाणी, माती आणि कपाशीची रुई साचते, त्याचा लगदा होतो आणि खालून पत्रा जातो. दार हाताने उचलून बघ. ते बोटभर वरखाली होत असेल तर रोलर झिजलेत, आणि झिजलेला रोलर पट्टी कापत जातो. मग मागच्या चाकांच्या कमानी, पायदान, छताच्या कडेची पन्हळ, आणि रबरी मॅट उचलून खालची फळी. पेचकसाने टोचून बघ. पेचकस आत गेला तर तो तुकडा कापून नवा पत्रा लावावा लागेल. इथे कटर चालतं, कारण तू गाडीला तिच्या मूळ आकारात परत नेतोयस. डेंटरने सडक्या पत्र्यावर पुटीन भरून रंग मारून दिला तर दोन पावसाळ्यांत तेच पुन्हा वर येईल. तुझ्या शंभर रुपयांतले निदान चाळीस रुपये इथे जाऊ दे. रंगाला काही उरलं नाही तरी चालेल.

आता उष्णता, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पुण्या-नाशिकचा माणूस गाडी बदलतो आणि आपण बदलतो यात हाच फरक. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. गाडी उन्हात उभी असली की आत त्याहून कितीतरी जास्त. ओमनीत इंजिन सीटखाली आहे, म्हणजे भट्टीवर बसून प्रवास.

चाळीसगावहून कन्नडकडे घाट चढतो तिथे एका मे महिन्यात मला एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. गाडी कारबुरेटरवाली ओमनी, आत पाच माणसं, दुपारचे दोन. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर झटके घेत बंद पडली. स्टार्टर फिरतो, गाडी घेत नाही. त्याने प्लग साफ केले, कॉइल बघितली, करंट चांगला. मी फोनवर म्हटलं, सगळ्यांना सावलीत बसव, सीट उचल आणि पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनावरच्या त्या छोट्या पंपावर, ओला रुमाल गुंडाळ. पाणी कॉइलवर किंवा तापलेल्या हेडवर ओतू नको. त्याने गमछा भिजवून गुंडाळला. रुमालातून वाफ निघते म्हणाला. पुन्हा भिजव म्हटलं. तिसऱ्या वेळी वाफ थांबली. वीस मिनिटांनी एका सेल्फमध्ये गाडी लागली. झालं होतं असं की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ झाली होती. तो पंप पातळ पेट्रोल ढकलतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. याला उपाय सोपे आहेत: पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या बाजूने गेला असेल तर तो दूर घे, जिथे जवळून जावंच लागतं तिथे उष्णता रोखणारी बाही चढव, पंप आणि गरम भागाच्या मध्ये पत्र्याची आड लाव, आणि टाकीकडे परत जाणारा पाइप कोणी बंद करून ठेवला नाही ना ते बघ. तो बंद केलेल्या गाड्या मला दर उन्हाळ्यात दिसतात.

रेडिएटर काढून रॉडिंग करून घे, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ. नुसतं वरून पाणी मारून भागत नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत दगडासारखा बसलेला असतो. पुढे साधं पाणी घालू नकोस, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाल. रेडिएटरचं झाकण नवं टाक. ते दाब धरतं म्हणून पाणी उशिरा उकळतं, झाकण ढिलं झालं की शंभर अंशालाच उकळी. आणि कोणी मिस्तरी म्हणेल की आपल्या उन्हात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढूनच टाक, तर ऐकू नकोस. थर्मोस्टॅट काढला की इंजिन हिवाळ्यात, सकाळी, छोट्या फेरीत तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल तर तापण्याचं कारण शोधायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा नीट तापलं की वाकतं आणि गॅस्केट उडतं. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला की तिथेच थांबायचं, पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ म्हणायचं नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे रबर, होज, लायनर, सगळं नवं, ब्रेक ऑइल नवं. यात एक रुपयाही वाचवू नकोस. टायर सहा-सात वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही दिसू दे, बदल. ओमनीत तुझे पाय पुढच्या पत्र्याच्या अगदी जवळ असतात, पुढे बोनेट नाही. साठच्या वर ती गाडी पळवायची नसते, आणि आत कितीही बदल केलेस तरी हे बदलत नाही.

इतकं झालं की गाडी तुझी. आता झोपायची सोय.

आधी वजनाचा हिशोब. ओमनी रिकामी आठशे किलोच्याही आत. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, ती वजाबाकी कर. त्यात तुम्ही दोघं-तिघं, सामान आणि तुझं फर्निचर सगळं बसलं पाहिजे. सुतार तुला १८ मिलिमीटरचं प्लाय सुचवेल. आठ बाय चारची तशी एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. दोन शीटमध्ये एक माणूस झाला. १२ मिलिमीटर घे, खाली चौकोनी पाइपची हलकी चौकट दे. मी माझ्या पुतण्याला केलं ते असं: मागचं सीट तसंच ठेवलं, ते पाडलं की त्यावर तीन फळ्या बसतात. फळ्या एकमेकींना पियानो बिजागरीने जोडलेल्या, दिवसा दुमडून मागे उभ्या राहतात. चौकट सीटच्या मूळ बोल्टच्या भोकांनाच कसलेली. एकही नवीन भोक नाही. सीट काढून टाकलं असतं तर जागा जास्त मिळाली असती, पण आरसीवर जेवढी आसनं लिहिली आहेत तेवढी गाडीत असायला हवीत. फळ्या सामान म्हणून जातात. पासिंगच्या दिवशी अर्ध्या तासात सगळं बाहेर.

आतल्या उकाड्याचं खरं दार म्हणजे छत. आतलं अस्तर हळूच उतरव, पत्रा पुसून कोरडा कर, आणि बंद पेशींचा फोम चिकटव, एसीच्या पाइपावर काळा मऊ फोम असतो ना, तो शीटमध्ये मिळतो. थर्मोकोल नको, तो करकरतो आणि आगीला वाईट. काचेची लोकर नको, ती दमट होऊन पत्रा आतून सडवते. मग अस्तर परत लाव. बाहेरून काही कळणार नाही.

आणि म्हणून काळा मॅट रंग नको. तुझी गाडी पांढरी असेल तर तो पांढरा रंग ही तिच्यातली सगळ्यात मोलाची वस्तू समज. दुपारी पांढऱ्या आणि काळ्या गाडीच्या छतावर हात ठेवून बघ, काळ्यावर हात ठेवता येत नाही. मॅट रंगावर धूळ आणि पाण्याचे डाग बसले की निघत नाहीत हे वेगळंच. रंग बदलायचाच असला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, तेही ध्यानात ठेव. काचांना काळी फिल्म लावू नकोस, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. सुती पडदे लाव, ते फक्त उभ्या गाडीत ओढ. आईकडे जुनी सुती साडी असेल तर त्याहून चांगलं कापड नाही.

एसीच्या मागे लागू नकोस. ७९६ सीसीच्या इंजिनाला घाटात त्याचं ओझं होतं. आपली हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते, हे आपलं भाग्य. कोरड्या हवेत पाण्याचा गारवा लागतो. म्हणूनच घरोघरी कुलर चालतो. सरकतं दार अर्धं उघडून त्यात वाळ्याचा पडदा टांगायचा, तो भिजवायचा, आणि आतून बारा व्होल्टचा पंखा बाहेरची हवा ओढेल असा लावायचा, दुसरी काच दोन बोटं उघडी. जून लागला की हा उपाय संपला, दमट हवेत नुसता चिकचिकाट होतो. तोपर्यंत रात्रीच गार पडतात.

पंख्याला वीज लागते. वीस वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १६० वॅट-तास, पाच वॅटचे दोन दिवे चार तास म्हणजे ४०, दोन मोबाइल तीसेक. झाले २३०. बारा व्होल्टने भागलं तर १९ अँपिअर-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवायची नसते, म्हणून ४० ची पुरते. ती गाडीच्या अल्टरनेटरला जोडू नकोस, तो छोटा आहे आणि मूळ वायरिंगमध्ये हात घातला की अडचणी सुरू होतात. शंभर वॅटचं सोलर पॅनल घे, मुक्कामी पोचल्यावर बाहेर उन्हात उभं कर. आपल्या उन्हात दिवसाला साडेतीनशे वॅट-तास सहज देतं. पॅनल तापलं की थोडी वीज कमी होते, म्हणून मागून हवा लागू दे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. बॅटरी खाली, पट्ट्याने बांधलेली. या सगळ्याचा गाडीशी विजेचा एकही धागा जुळत नाही, आणि मला तेच आवडतं.

गॅसचं मात्र कडक सांगतो. गाडीत शेगडी नको, छोटा सिलिंडर नको. आणि पैसे वाचवायला कोणी घरगुती सिलिंडरमधून ओमनीत गॅस भरून देतो म्हणाला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. अशा भरण्यात माणसं जळाली आहेत. सीएनजी करायची असेल तर मान्य किट, आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी. त्यातही टाकी तुझ्या झोपायच्या जागेत येईल, म्हणून तुला मी सुचवणार नाही. इंजिन चालू ठेवून आत झोपणंही नाही, धुराचा वास येत नसला तरी विषारी वायू आत येतो.

उंची आणि रुंद टायर. ओमनीचं टायर १४५ रुंदीचं, बारा इंची रिमचं. त्यावर मोठं टाकलं की वळताना कमानीला घासतं, स्टिअरिंग जड होतं, बेअरिंग जातात, पिकअप मरतो. उचलली की मुळात अरुंद आणि उंच असलेली गाडी आडव्या वाऱ्यात डोलते. तापी ओलांडताना पुलावर ट्रक बाजूने गेला की तुला समजेल. मूळ उंचीवर, नव्या शॉकअप आणि चांगल्या पाट्यांवर, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, ती तुला तोरणमाळपर्यंत नेईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे लोखंडी गार्ड लावतात तोही यातच येतो. विम्याचा दावा करताना हेच मुद्दे निघतात. नोटीस आल्यावर गॅरेजवाला तुझ्या बाजूला उभा राहत नाही.

२०२८ चं नूतनीकरण आत्तापासून मनात ठेव. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवावी लागते, त्याची फी वाढली आहे, पर्यावरण कर असतो, नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. एका दिवसही मुदत चुकवू नकोस. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तीसुद्धा मूळ रूपातल्या गाडीला. तुझी ओमनी २०४८ ला पन्नास वर्षांची होईल. तेव्हा तू माझ्या वयाचा असशील.

गाडी चालू झाली की लगेच लांब जाऊ नकोस. पहिले पाचशे किलोमीटर अमळनेर-पारोळा-धरणगाव, जिथून मित्राला फोन केला तर ट्रॅक्टर घेऊन येईल. मग पाटणादेवी किंवा रावेरचं पाल, एक मुक्काम. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला ने, तिथे थंडी असते आणि रात्रभर माणसांची जाग असते, पहिल्या मुक्कामाला बरं. तोरणमाळचा घाट सगळ्यात शेवटी. जाताना सोबत पंपाचं किट, एक बेल्ट, कॉइल, प्लग, दोन मीटर पेट्रोलचा होज, क्लिपा आणि एक गमछा. आणि पहिल्या फेरीला वडिलांना पुढच्या सीटवर बसव. त्या गाडीचा कुठला आवाज जुना आणि कुठला नवीन, हे सांगणारा माणूस दुसरा कोणी नाही. गेल्या वर्षी एका पोराने ट्रॅक्स आणली होती. त्याचा बाप गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला, "मागला डावा बाजूना पाटा बोली राह्यना," म्हणजे मागचा डावा पाटा आवाज करतोय. आम्ही तिघं मिस्तरी इंजिनात डोकं घालून बसलो होतो. पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला निघाला.

माझ्याकडे आणायची असेल तर छोट्या टेम्पोवर टाकून आण, दोरी बांधून ओढत आणू नकोस, ब्रेकचा भरवसा नाही. सकाळी आण. आरसी आणि वडिलांकडे गॅरेजच्या जुन्या पावत्या असतील त्या सगळ्या आण, कधी काय बदललं ते त्यात सापडतं. आणि धुऊन आणू नकोस. तेल कुठून झिरपतं, पाणी कुठून आत येतं, हे त्या दोन वर्षांच्या धुळीवरच्या ओघळांवरून मला वाचायचं आहे.